अर्धं मिनिट

मोरी गावची शाळा. मासे धुरावणाऱ्या भट्ट्यांचा वास
थेट वर्गात. त्रेसष्ट मुलं रांगेत.
फुगीर भिंग, खोलगट भिंग, मी दांडी उलटत राहते,
अक्षर स्पष्ट झालं की म्हणायचं: दिसलं.
असं एक मिनिट.

वरून निरोप आलाय, मिनिट अर्धं करा.
आकडे तेच येतात म्हणे, मुलंही कंटाळत नाहीत.
खोटं नाही. एब्बो तर विसाव्या सेकंदालाच
माझ्या घड्याळाचा पट्टा न्याहाळत होता.

मग अराबा बसली, बाकाच्या अगदी कडेवर.
दिसलं. दिसलं. दिसलं.
अंपे खेळताना पाय पडावेत तसे शब्द.
तिसाव्याला मनातल्या मनात मी तिला पास केलं,
हात मात्र सवयीनं उलटत राहिला.

चौतिसाव्याला ती गप्प.
भुवया जवळ आल्या.
दांडी माझ्या हातात तशीच, अधांतरी.

“आता ते दोन झालंय,” ती म्हणाली,
“वाचताना रोज होतं.
सगळ्यांचंच होतं ना?”

बाहेर अजून एकेचाळीस.
बाई दारातून डोकावल्या, जेवणाच्या घंटेचं विचारायला.
म्हटलं, उशीर होईल.