चारचा भोंगा

केसपेपरवर लिहिलंय : डॉक्टर हजर, ३.४०.
त्यातला तीन जरा जाड आहे.
खाली चार असावा, असं मगदूम वकिलांना वाटतं.
वाटण्याला इथं किंमत नाही.

सांगलीच्या ग्राहक आयोगात ही आमची अकरावी तारीख.
समोरचे वकील विचारतात,
बाई, कळा चालू असताना
वेळ तुम्हाला कशी समजली?

साहेब, हंगाम चालू होता.
कारखान्याचा चारचा भोंगा झाला.
पाळी सुटली, आमचे हे बॉयलरवरनं निघाले असतील,
एवढंच डोक्यात आलं.
सिस्टर म्हणाली, कळ धरून ठेवा, मॅडम निघाल्यात घरातनं.
मी धरली.

का धरली,
हे उलटतपासणीत कुणी विचारलं नाही.
रात्री मीच विचारते.

टायपिस्ट टाइप करतो : साक्षीदाराने भोंगा ऐकला.
भोंग्याची नोंद राहते का कुठं?
कारखान्याला पत्र जाईल.
पुढची तारीख.

यशोधन सासूबाईंजवळ आहे.
सहा पूर्ण झाली, मान अजून धरत नाही.
भात कुस्करून एक घास.
थांबायचं. गळा हलला की दुसरा.
ताट संपायला तास जातो,
कागदावरनं गेलेला तेवढाच.

रात्री आठचा भोंगा झाला की
त्याच्या पापण्या हलतात.
हे दाखवायचं होतं साहेबांना,
पलूसला घरी आणून.
पण तारीख मे महिन्यातली पडली.
तेव्हा कारखाना बंद असतो.