नमुना सतरा

अक्कलकोट रोड, एमआयडीसी, डाईंग हाऊसच्या मागची नाली.
पाणी त्या दिवशी पिवळं होतं. हळदीचं नव्हे,
क्रोमचं पिवळं.
मी रिकाम्या बाटलीत गाळ भरला,
झाकणावर मार्करनं लिहिलं: सतरा.
वॉचमन म्हणाला, ताई, गटार घरी नेऊन काय करणार?
म्हटलं, पाळणार.

अगर बशांमध्ये खरवसासारखा थिजला.
त्यात विष कालवलेलं होतं,
आधी चिमूटभर, मग बेताचं,
मग इतकं की कुणी उरू नये.
सोळा बशा कोऱ्या राहिल्या.
सतराव्या बशीवर सकाळी
भिजल्या साबुदाण्याएवढे ठिपके,
ओले, बेफिकीर.

त्यांचं घर ते काय, एक पापुद्रा.
क्रोम येतो सल्फेटचा सदरा घालून;
दार फसतं, आत घेतं.
आत गेल्यावर कळतं पाहुणा कोण ते.
मग पंप सुरू होतात,
पाचव्या दिवशी नळाला पाणी आलं की
आमच्या गल्लीभर मोटारी घुमतात तसे,
फक्त उलटे: आतलं बाहेर, आतलं बाहेर.
आणि जो तरीही उरतो
त्याला ते जेवायला बसवतात.
एक इलेक्ट्रॉन घे. अजून एक. हा शेवटचा.
तीन घास पोटात गेले की
त्याचं पिवळेपण उतरतं,
तो हिरवट होतो, जड होतो,
तळाशी जाऊन बसतो.

नाना तेवीस वर्षं त्याच पिवळ्यात
कोपरापर्यंत हात घालून उभे होते.
शेठनी हातमोजे दिले होते, एक जोड, एका दिवाळीला.
नानांच्या नाकातल्या पडद्याला भोक आहे.
श्वास घेताना बारीक शिटी वाजते.
लहानपणी मला नि रामुलूला वाटायचं,
नाना झोपेत कुणाला तरी बोलावतायत.
नानांच्या पेशींना कुणी पंप चालवायला शिकवलं नाही.

नंतर मी सतराला चांदी दिली.
क्षार विरघळवून, पाण्यासारखी नितळ.
फ्लास्क रात्रभर शेकरवर झुलत राहिला,
सकाळी आत बिनदुधाचा चहा.
चांदी इतकी बारीक झालेली
की तिला स्वतःचा रंगही आठवेना.

पुण्याहून फोटो आला. करडी पाटी, त्यावर काळे गोल दाणे.
नानांनी मोबाईल लांब धरला, डोळे बारीक केले.
आवालु? त्यांनी विचारलं. मोहरी?
चांदी आहे, नाना. केसाच्या जाडीत
असे चार हजार दाणे ओळीनं बसतील.
ते बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, म्हणजे किती नंबरचं सूत?
पीएचडीचं तिसरं वर्ष आहे माझं,
हा प्रश्न अजून कुणी विचारला नव्हता.
उत्तर मला आलं नाही.

सर म्हणतात, नमुना कुठून उचलला ते नीट लिही,
अक्षांश, रेखांश, पाण्याचा सामू, तापमान.
लिहिलं.
(तेवीस वर्षं असं कुठल्या रकान्यात लिहायचं
ते विचारायचं राहिलं.)

चांदीच्या क्षारानं माझी बोटं काळी पडलीत,
उजवा अंगठा, शेजारची दोन.
काल जेवताना नानांनी हात ओढून घेतला,
भाकरीच्या ताटावरच लिंबू चोळलं,
मग साबण, मग राख.
डाग हलेना.
त्यांनी नखानं खरवडून पाहिलं,
उजेडाकडे तिरका धरून पाहिला
कापडाचा तुकडा पाहावा तसा,
आणि म्हणाले, पक्का आहे.

बाजारात नेण्याजोग्या मालाबद्दलच
ते हा शब्द वापरायचे.
शिटी वाजत होती. आई म्हणाली, वरण निवतंय.