मिठाचा हिशेब

आमच्या डोंगरात सोनं नाही.
हे आधीच सांगते, नंतर कुणी ऐकत नाही.
आमच्याकडे नेमोकोनचं खारं पाणी.
तीन दिवस, तीन रात्री ते आटवायचं,
मग मडकं फोडायचं.
मीठ असंच निघतं:
मडक्याच्या आकाराचं, मडक्याविना.

त्या ढेपा पाठीवर घेऊन माणसं उतरतात
खाली, उकाड्यातल्या मोठ्या नदीपर्यंत,
आणि परततात ती
मुठीत मावेल एवढी पिवळी पुरचुंडी घेऊन.

माझा नवरा, तिबासो, फुंकणारा.
नव्या राजाच्या अंगाला डिंक फासला
की बोरूच्या नळीतून सोन्याची पूड फुंकायची:
पापण्यांवर, कानांमागे, गुडघ्यांच्या खळगीत.
शिंकायचं नाही.
राजा कसला, पोरगा होता, म्हणाला,
थंडीनं दात वाजत होते.
सहा वर्षं गुहेत काढलेली,
सहा वर्षं अळणी जेवलेला.

तराफा मधोमध गेला तेव्हा
रिवाजाप्रमाणे आम्ही सगळे तळ्याला पाठमोरे.
मी काही पाहिलं नाही.
ऐकलं फक्त,
एक माणूस पाण्यात शिरल्याचं.

रात्री मक्याची पेज ओरपताना
तिबासोच्या अंगठ्याच्या नखाखाली
चुलीच्या उजेडात एक रेघ चमकली.
मी बोलले नाही. त्यानं वाडगं खाली ठेवलं,
घोंगडं घेतलं, धुक्यात शिरला.
पहाटे परतला, पाय ओलेचिंब,
म्हणाला, उरलेली पेज आण.

फार पुढे, तो गेल्यावर,
घोड्यांवरून दाढीवाले आले.
त्यांनी डोंगराचा ओठ कापला, तळं उपसलं,
चिखलातून निघालं ते मोजून मोजून
पुन्हा मोजलं. एवढंच?
मग दारोदार विचारत माझ्याकडे.

मी ढेपेचा एक तुकडा उकळत्या पाण्यात टाकला,
पळी फिरवली, पुढे केलं.
म्हटलं, शोधा.
चव घ्या हवी तर. आहे ते सगळं त्यातच आहे.
आमचं पाणी खाल्ल्या मिठाला जागतं,
परत मागायला आलेल्याला ओळख देत नाही.

दुभाष्यानं काय सांगितलं कुणास ठाऊक.
त्यांच्यातला एक जण वाकला,
फोडलेल्या मडक्याची खापरी उचलून
उन्हात धरली,
आतून चमकते का बघायला.