गृहभेट

तारकरबाई दुसऱ्यांदा येणार म्हणून
गॅलरीला जाळी बसवून घेतली.
फिनेल वरच्या फळीवर, सुऱ्या कुलपात.
बाईंनी सगळं पाहिलं, एका ओळीत टिपलं,
आणि बशीतल्या चहावर फुंकर घालत म्हणाल्या,
"लोक जिन्यात थांबून तिच्याकडे बघतील.
तुम्ही कधी कुणाकडे असं बघितलंय?"

हेरंब म्हणाला, नाही.
मीही म्हणाले, नाही. छे.

फ्रिजवर तिचा फोटो, अकरा महिन्यांची.
फायलीत आईचा रकाना कोरा, बापाचाही.
जे काही सांगायचं ते केसांनीच सांगितलेलं :
एकेक वळी घट्ट, बोटाला विळखा घालणारी.
हसतेय, पण फोटो काढणाऱ्याकडे नाही,
कडेला कुणीतरी खुळखुळा वाजवत असणार.

माझ्या लग्नाच्या पत्रिकेत मी गहूवर्णी होते.
कुठल्या शेतातला गहू, कुणी विचारलं नाही.
दर रविवारी आई डाळीचं पीठ आणि साय चोळायची,
कोपरं लाल होईपर्यंत.
म्हणायची, नाकीडोळी नीटस आहेस गं,
आणि मग तो 'पण', जो ती कधीच पुरा करायची नाही.
तो पुरा वाक्यभर मी माझ्यासोबत आणला,
दहिसरला, या दोन खोल्यांत.

रात्री सोसायटीची जुनी वही काढली.
सहा वर्षांपूर्वी मी चिटणीस होते, अक्षर चांगलं म्हणून.
ठराव क्रमांक सात :
बी विंगमधली खोली आफ्रिकन विद्यार्थ्यांस देण्यात येऊ नये.
सूचक : श्री. मांजरेकर.
अनुमोदक : मी.
सही केवढी वळणदार.
तेव्हा म्हणाले होते,
माझं काही नाही हो,
पण बिल्डिंगमध्ये लहान मुलं आहेत.
आम्हाला मूल नव्हतं तेव्हा.

खोली बघायला आलेला तो मुलगा फार्मसी शिकत होता.
लिफ्टमध्ये मला नमस्कार म्हणाला, ळ आणि ण कुणाकडून तरी
नुकतेच शिकून घेतल्यासारखा, "काळजी नका, मी गोंगाट करणार नाही."
मी पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली.
चार मजले.

सासूबाई समजूत घालतात,
अगं, विठ्ठलही काळाच.
विठ्ठलाला कुणी ठराव दाखवत नाही, आई.

आता घरातले शब्द तपासतेय.
तोंड काळं कर. काळं कुत्रं विचारत नाही.
उजळ माथा. उजळ भविष्य. उजळणी.
फिनेल ठेवलं तसे वरच्या फळीवर ठेवता येत नाहीत,
तिथून आधी मलाच खाली काढून द्यायला सांगतात.
काल हेरंब म्हणाला, वीज गेली की काळाकुट्ट...
आणि मध्येच थांबला.
आम्ही दोघं अंधारात बसून राहिलो, विशेषण न लावता.

गुरुवारी मीरा रोडला ब्लेसिंगच्या पार्लरमध्ये जाते.
ती आधी बाहुलीचे केस देते, मग तिच्या भाचीचे.
"पहले पानी, बाद में तेल. उलटा मत करना.
टोक से खोलो, जड़ से नहीं."
मी मुळापासूनच सोडवू बघते, सवयीने.
भाची ओरडते. ब्लेसिंग माझा हात धरून खाली आणते.
एकदा तिने विचारलं, कौन सी सोसायटी?
मी नाव सांगितलं.
ती थांबली की नाही, कळलं नाही,
माझा कंगवा एका गाठीत अडकला होता.

घरी येऊन पायऱ्या चढत तारकरबाईंना फोन लावला.
त्या दिवशीच्या एका प्रश्नाचं उत्तर बदलायचंय.
कुठल्या?
थांबून बघण्याच्या. तिथे हो लिहा.
आणि पुढे बरंच आहे.

पलीकडे कुठेतरी कुकरची शिट्टी.
त्या म्हणाल्या, थांबा हं,
पेन घेते.