काठ

ड्रेसिंग रूमच्या खिडकीतून रावपुऱ्याचा रस्ता दिसतो,
नऊ वाजता तर्रीचा वास वर येतो.
आज तो वास हातावर घेऊनच आली
सेव-उसळवाली रेवाबेन.
कोपरापासून मनगटापर्यंत उकळतं तेल,
त्यावर पांढरी टूथपेस्ट, पुदिन्याची.
"ठंडक थाय ने," म्हणाली.
नळाखाली धुतलं सगळं. ती हाताकडे नाही,
नळाकडे बघत होती.

तिला व्हॅसलीन प्यालेली जाळी.
नुसता गॉज ठेवला असता
तर परवा काढताना नवी कातडी गॉजबरोबर आली असती
आणि माझ्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या, रास्तच.
चांदीचं मलम कपाटात आहे. काढलं नाही.
घाव स्वच्छ आहे,
पोळीला तूप लावावं तसं ते उगाच फासायचं नसतं.

दहाला मोहिते गुरुजी.
पुऱ्या पेठेला मल्लखांब शिकवला त्यांनी.
डाव्या घोट्याच्या आतल्या अंगाला जखम,
चौदा महिने झाले.
पट्टी सोडली तर आत तांबडी माती,
आखाड्यातली, तेल-ताक-हळदीची.
"साठ वर्षं हिनंच बरं केलं सगळं.
आणि जरा वारा लागू दे, सिस्टर.
कोरडी पडली की खपली धरेल."

गुरुजी, कातडी काठाकडून रांगत येते.
रांगायला ओल लागते.
फार झाली तर काठ पांढरा पडतो,
दिवसभर भांडी घासलेल्या बोटांसारखा.
मागल्या महिन्यात पाझर होता तेव्हा शेवाळाची पट्टी दिली,
आता ती उरलीसुरली ओलही पिऊन टाकेल.
आता फोम.

फोम सहाशेचा.
ते खिसा चाचपत नाहीत, मिशी चाचपतात.
मी केसपेपरच्या पाठीवर मांडते:
रोजचा गॉज चाळीस, रिक्षा जाऊन-येऊन एकशेवीस, गुणिले पाच.
फोम पाच दिवस राहतो, रिक्षा एकदाच.
ऐंशी रुपये वाचतात.
"ऐंशी?" पुन्हा बेरीज करतात. माझी बरोबर निघते.

मग दाबाची पट्टी, बोटांपासून गुडघ्यापर्यंत.
दुसऱ्या वेढ्यालाच त्यांनी माझा हात धरला.
"पोरी, ही अढी नाही.
खाली आवळ, वर जाताना सोडत जा.
नाहीतर माणूस खांबावरून घसरतो."
वीस वर्षं मी पट्ट्या बांधतेय.
उलगडली. पुन्हा बांधली,
त्यांचा अंगठा माझ्या अंगठ्यावर.

बांधण्याआधी प्लास्टिकवर मार्करनं काठ उतरवला होता.
फेब्रुवारीचा काठ, त्याच्या आत एप्रिलचा,
आत आजचा,
ज्वारीच्या दाण्याएवढा सरकलेला. एका बाजूनं तोही नाही.
चष्मा चढवून बघत राहिले बराच वेळ.

जाताना खिशातून मातीची पुडी काढली,
टेबलावर ठेवली,
दारापर्यंत गेले,
परत येऊन उचलली.
मी हात धूत होते. पाहिलं नाही असं दाखवलं.