परभाषिक

शेफील्डला स्टेशनामागे एक छोटं थिएटर आहे,
साठ खुर्च्या, त्यातल्या चार मोडक्या.
मंगळवारी दुपारी तिकीट अर्धं,
आणि रात्रपाळी असली की दुपार माझीच.
एक्स-रे विभागात रात्रभर मी लोकांना सांगते,
श्वास रोखा. आता सोडा.
इथे मला ते दुसरं कुणी सांगतं.

या महिन्यात पाच पाहिले.

पहिला जॉर्जियाचा. दोन बहिणी
वडिलांच्या मधमाश्यांच्या पेट्या वाटून घेतात.
भांडण नाही, रडारड नाही, नुसती मोजणी.
सतरा पेट्या.
सतराव्या पेटीपाशी दिग्दर्शक थांबला
आणि थांबूनच राहिला, शहाणा माणूस.
मला आवडला. बेरिलला नाही.
बेरिल माझ्या शेजारी बसते, अठ्ठ्याहत्तरची,
चाळीस वर्षं कारखान्यात सुऱ्यांना पॉलिश केलं तिने.
"एवढ्या माश्या, पण मध कुणी चाखलाच नाही," म्हणाली.
खरंच की. मी सिनेमाचा एक गुण कापला.

पोर्तुगालचा तीन तासांचा. विहीर खणणारा माणूस.
पाऊण तासाने मला झोप लागली,
जाग आली तेव्हा तो खणतच होता.
पेपरात पाच तारे मिळालेत त्याला.
झोप पाच ताऱ्यांची होती, एवढं मी कबूल करते.

ओहायोचा, दोन मित्रांनी उधारीवर काढलेला:
पार्किंगच्या केबिनमध्ये रात्र काढणारी मुलगी.
आवाज खरखरीत, उजेड कमी,
नटी बहुधा दिग्दर्शकाची बहीण.
पण एका जागी ती डबा उघडते
आणि झाकण कुठे ठेवावं ते तिला कळत नाही:
मांडीवर, खिडकीत, पुन्हा मांडीवर.
असलं खोटं करता येत नाही.
आम्हा रात्रपाळीवाल्यांना ते झाकण ओळखीचं.

सेनेगलच्या शिंप्याबद्दल आत्ता बोलत नाही.
टाके ओले आहेत.

आणि काल आपला. मराठी.
तक्त्यावर त्याच्यापुढे लिहिलेलं: परभाषिक.
बेरिलला मी ऐटीत म्हटलं, आज मला वाचावं लागणार नाही.
तरी वाचलं. डोळे सवयीने खाली जात राहिले,
कान वर, डोळे खाली, मधे मी.

पंचविसाव्या मिनिटाला ती बाई उंबऱ्यात वळते,
पिशवी या हातातून त्या हातात घेते, म्हणते, "येते."
खाली पांढऱ्या अक्षरांत: मी जाते.
मला हसू आलं. चुकलं बिचाऱ्याचं.
जाते म्हणतं का कुणी, घरातून निघताना?

मग दीड तास मी तिची वाट पाहिली.
कडी वाजली की. एस.टी. थांबली की.
तिच्या चपला कुणी आत उचलून ठेवल्या, तेव्हासुद्धा.
बेरिल निवांत होती, पेपरमिंट चघळत.

दिवे लागल्यावर मी कुरकुर केली,
असा कसा अर्ध्यात सोडला, बासरीही जरा जास्तच.
"जाते म्हणाली होती की ती," बेरिल म्हणाली,
कोटाची बाही शोधत. "तुला ऐकू नाही आलं?"

त्या भाषांतरकाराला चूक म्हणायचं की नाही,
माझं अजून ठरत नाही.

बाहेर ट्राम आधी तिची आली.
पुढच्या मंगळवारी तुर्कस्तानचा आहे, मी सांगितलं,
शेळ्या आहेत म्हणे.
"किती लांब?"
एकशे सत्तर मिनिटं.
पायरीवर चढता चढता ती वळली,
पिशवी या हातातून त्या हातात घेतली.
"मग उशी आणते," म्हणाली.