शून्य पूर्णांक सहा

आगरवाड्याच्या शाळेत, चौथीच्या वर्गात
बाक भिंतीला सरकवून आम्ही खाट मांडली.
फळ्यावर कालचा भागाकार तसाच.
पायांच्या रक्तवाहिन्यांची तपासणी, मोफत.
मोफत वाचून अकरा जण आले,
बारावा फटू गावडे, बायकोने ढकलला म्हणून.

"माझ्या पायांना काय धाड भरलीय?
चाळीस वर्षं मिठागर तुडवलंय यांनी."
खरंच होतं. तळव्यांवर
आगराच्या जमिनीचीच साल चढलेली.
नडगीवर मात्र एक केस नाही,
आणि उजवं पाऊल गार,
मार्चच्या दुपारी.

चालताना पोटरी धरते?
"नाही."
थांबावं लागतं?
"थांबतो. माणसं भेटतात, बोलायला नको?"

दारातून सुलक्षा म्हणाली,
हा मनुष्य उभ्या जन्मात कुणाशी बोलला नाही.
दोन वर्षं झाली, मानशीकडे जाताना
आधी पोदेराशी थांबतो, मग क्रुसाजवळ,
मग शाबीच्या गाड्यावर.
कुणाची गाय व्याली विचारतो.
गाव म्हणतो, म्हातारपणी फटू माणसाळला.

तो खिडकीबाहेर बघत राहिला.

दोन्ही दंडांना पट्टा, मग दोन्ही घोट्यांना.
पेन्सिलीएवढं यंत्र पावलाच्या पाठीवर टेकवलं,
तिरकं, अजून थोडं तिरकं.
डावीकडे लगेच सापडलं: सपक, सपक,
वल्ह्यासारखं.
उजवीकडे शोधत राहिले.
खरखर. खरखर. मग फार लांबून
एक फुसफुस, अंगात जीव नसलेली.

"फळीला कालवं धरली," तो म्हणाला.
मला कळेना.
"मानशीच्या फळीला हो. मग भरतीलासुद्धा पाणी असंच येतं.
नदी तुडुंब, पहिला वाफा भरलेला,
बांधाकडचा शेवटचा तेवढा सुकतो.
मिठाला सुकणं बरं.
पायाला नाही, ना?"

दंडात एकशे साठ. उजव्या घोट्यात शहाण्णव.
कागदाच्या कोपऱ्यात मी भागाकार केला,
त्याने मान वाकवून पाहिला.
"दहात सहा. म्हणजे पास की!"
नाही हो. इथे नऊच्या खाली सगळे नापास.

बिडी, मी म्हटलं.
त्याने खिशातलं बंडल काढून
मास्तरांच्या टेबलावर ठेवलं.
काडेपेटी ठेवून घेतली.

बांबोळीची चिठ्ठी लिहिली. समजावलं:
डॉक्टरांनी हो म्हटलं की रोज चालायचं,
दुखलं की थांबायचं,
उतरलं की पुन्हा चालायचं.
"थांबलेलं चालतं?"
चालतं.
"कुणी भेटलं नाही तरी?"

संध्याकाळी सामान जीपमध्ये भरताना दिसला,
क्रुसाजवळ. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.
वाकून, दोन्ही हातांनी पोटरी धरून
उभा होता, उघड्यावर.
चार पावलं पुढे गेलेली सुलक्षा
मागे फिरली,
काही न बोलता शेजारी थांबली.